दुपारचं ‘कोण कुठे’

आमच्या गावच्या रेडिओ केंद्राचा इतिहास लिहायचा म्हणून अधूनमधून कुणीतरी माझ्याकडे येतं. त्यांना हवं असतं ते मी सांगत नाही, आणि मी सांगते ते त्यांना छापायचं नसतं. उद्घाटनाला कोण आलं होतं, पहिलं गाणं कुठलं लावलं, असले त्यांचे प्रश्न. उद्घाटनाला कुणीही आलं नव्हतं. फीत कापायला कात्री सापडेना म्हणून दादाने ती दाताने तोडली आणि मग दिवसभर गाल धरून बसला. झालं उद्घाटन.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांचे रेडिओ उघडून उघडून त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं, की या डब्यांतून साऱ्या जगाचं बोलणं ऐकू येतं, फक्त आपल्या गावाचं येत नाही. परवान्यासाठी त्याने कचेरीचे इतके उंबरे झिजवले की साहेबाने शेवटी पीडा टळावी म्हणून सही केली असणार. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही संसार मांडला. पुढच्या खोलीच्या भिंतींना वसतिगृहाच्या टाकून दिलेल्या गाद्या ठोकल्या. त्या गाद्यांना कायम कुणाच्या तरी झोपेचा वास यायचा. मधे एका जुन्या कपाटाची काच बसवली. काचेपलीकडे माइकसमोर वहिनी, अलीकडे बटणांसमोर मी. मागच्या खोलीत बॅटऱ्या, तबकड्या आणि एक स्पीकर. वहिनी बोलायची, मी बटणं सांभाळायचे आणि दादा आम्हा दोघींवर ओरडायचा, अशी आमची तिघांची संस्था.

इमारत उतारावर होती. वर वरचा बाजार, खाली खालचा बाजार, मधे आम्ही. गच्चीवरच्या खांबावरून दोन्हीकडे सारखंच ऐकू जातं याचा दादाला इतका अभिमान की पाहुण्यांना तो चहाच्या आधी गच्ची दाखवायचा.

गाणी, बातम्या, शेतमालाचे भाव, हे सगळं असायचं, पण गाव थांबायचं ते दुपारी. दुपारी ‘कोण कुठे’ लागायचं. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. कुणाचा मुलगा बसमधून उतरून स्टँडवर वाट बघतोय, कुणाची शेळी कुणाच्या परसात शिरलीय, कोण आज घरी येऊ शकत नाही, हे सगळं वहिनी सांगायची. सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर रोज फोन करून कोण कुठल्या वॉर्डात, दारापासून कितव्या खाटेवर, हे सांगायचा आणि वहिनी ते जसंच्या तसं वाचायची. खाटेचा आकडा सांगायची कल्पना वहिनीचीच. वॉर्डात आपलं माणूस शोधत लोक भलत्याच्याच तोंडावरची चादर ओढायचे आणि मग भांडणं व्हायची. खाट सांगायला लागल्यावर ती भांडणं मिटली. दादाचा नियम एकच. “आलेलं सांगायचं. गाळणारे आपण कोण?”

वरच्या बाजारात एक टायरवाला होता. त्याची आई म्हातारपणी विसरायला लागली आणि एकदा घरातून निघून गेली. दोन दिवस शोधून त्याने हात टेकले होते. वहिनीने ‘कोण कुठे’मधे सांगितलं आणि म्हातारी वीटभट्टीवर विटा मोजत बसलेली सापडली. तेव्हापासून हा दांडगा माणूस वहिनीला ताई म्हणायला लागला. दुकानात त्याचा रेडिओ दिवसभर चालू. गिऱ्हाईकाने भावावरून घासाघीस केली तर म्हणायचा, “रेडिओवर सांगितलंय का? मग नाही.”

हे सगळं मी कौतुकाने सांगतेय असं समजू नका. माझ्या नाकावर राग आधीपासूनच असतो, आणि या आठवणीने तर अंगाचा तिळपापड होतो. इतका विश्वास कुणी कुणावर ठेवू नये. रेडिओवर तर मुळीच नाही.

भांडण बसस्टँडवरून लागलं. स्टँड खालच्या बाजारात होता, तो वरच्या बाजारात हलवायचं ठरलं. स्टँड गेला की हमाल, चहावाले, फळवाले, लॉजवाला, सगळ्यांच्या पोटावर पाय. खालच्यांनी रस्ता अडवला. वरच्यांनी तो मोकळा करायचं ठरवलं. आधी शिव्या झाल्या, मग एकमेकांच्या हातगाड्या उलट्या झाल्या, मग एके सकाळी उताराच्या तोंडाशी दोन्हीकडचे लोक काठ्या घेऊन उभे राहिले आणि नेमकी तेव्हाच सकाळची बस वर चढत होती.

बसचा ड्रायव्हर खालच्या बाजारातला. कुणाचा तरी दगड समोरच्या काचेवर बसला, सगळी काच जाळीदार पांढरी झाली आणि ड्रायव्हरला पुढचं दिसेना. त्याने ब्रेक मारायच्या आत बस गर्दीत शिरली. टायरवाल्याचा धाकटा भाऊ पुढच्या चाकाखाली आला. मी गच्चीवरून पाहिलं. चाक त्याच्या छातीवर थांबलं होतं आणि तो हाताने चाकाला ढकलत होता, लहान मूल पांघरूण ढकलतं तसा. बस मागे घ्यायची की पुढे, यावरून लोक ओरडत राहिले, आणि ते ठरायच्या आत तो हात पडला.

मग कुणी थांबलंच नाही. ड्रायव्हरला दारातून ओढून काढलं, त्याचा हात दारात अडकला होता तो तसाच ओढला आणि कोपरापाशी मोडला. कंडक्टरला मारलं. बसमधलं सामान उतरवायला आलेल्या हमालाला मारलं, तो तर नुकताच आला होता. खालच्यांनी वरच्यांची डोकी फोडली. रस्त्यावर दात पडले होते. पोलिसांची गावात एकच गाडी, ती आली आणि जखमींना भरून दवाखान्यात घेऊन गेली.

दुपार झाली. कंपाउंडरचा फोन आला. रोजच्यासारखा. वहिनीने लिहून घेतलं आणि रोजच्यासारखं वाचलं. वरच्या बाजारातला सलूनवाल्याचा मेहुणा, वॉर्ड एक, दारापासून दुसरी खाट. बसचा कंडक्टर, वॉर्ड दोन, तिसरी खाट. बसचा ड्रायव्हर, वॉर्ड दोन, चौथी खाट. स्टँडवरचा हमाल, वॉर्ड दोन, खिडकीखाली. घरच्यांनी काळजी करू नये, असं तिने वर आपल्या मनाचं घातलं. दादा खाली दुकानात, मी काचेअलीकडे. तिघांपैकी एकाच्याही मनात काही आलं नाही. दुसऱ्या कुठल्याही माणसाने ती नावं ओठांतच ठेवली असती. पण एरवीही अपघात झाला की आम्ही हेच करायचो, आणि चांगलं काम करतो असं समजायचो.

मी गाण्यांची मोठी तबकडी लावली. ती संपायच्या आत फोन परत वाजला. मी उचलला. पलीकडे कंपाउंडर रडत होता.

“बंद करा तुमचं ते! बंद करा! आत शिरलेत. खाटा मोजत आलेत हो... दारापासून मोजत आलेत.”

त्याच्यामागे लोखंड लोखंडावर आपटत होतं आणि कुणीतरी आईला हाक मारत होतं. मग फोन बंद झाला. मी गाणं तसंच चालू ठेवलं. काय करायचं सुचेना. काचेतून वहिनी भुवयांनी विचारत होती, कुणाचा फोन. मी दार उघडून आत गेले आणि सांगितलं. ती खुर्चीवरून उठली, परत बसली, आणि म्हणाली, “खाटा मी सांगितल्या.” मग तिने तोंड दोन्ही हातांनी गच्च धरलं.

नंतर कळलं ते असं. कंडक्टरला खाटेवरच संपवला, सलाईनच्या लोखंडी दांड्याने. हमाल खिडकीतून बाहेर पडायला गेला, त्याचे पाय धरून आत ओढला. चौथी खाट रिकामी होती. ड्रायव्हरला हाताला प्लास्टर घालायला नेलं होतं. तो तिथून मागच्या दाराने पळाला.

आणि पळून तो आमच्याकडे आला. जीव वाचवायला नाही.

दुकानाचं शटर दादाने अर्धं ओढलं होतं. ड्रायव्हर मागच्या लोखंडी जिन्याने वर आला. दवाखान्याचा सदरा, पायात काही नाही, हाताला ओलं प्लास्टर. दार ढकलून तो सरळ वहिनीकडे गेला आणि चांगल्या हाताने त्याने तिचा गळा धरला.

“खाट सांगतेस? खाट सांगतेस आमची?”

तो तिचं डोकं काचेवर आपटत होता. काचेला तडा गेला. वहिनीने हातही वर केला नाही. तिचा चेहरा काळानिळा पडायला लागला तरी ती त्याच्याकडे नुसती बघत होती, आणि त्यामुळे मला जास्त संताप आला. बॅटरी उचलायचा लोखंडी हुक माझ्या हाताला लागला. मी तो त्याच्या प्लास्टरवर घातला. परत घातला. तो असा ओरडला की अजून मला तो आवाज भांडी पडली तरी आठवतो. गळा सोडून तो खाली बसला आणि हात पोटाशी धरून रडायला लागला. “कंडक्टर माझा साडू होता हो,” तो म्हणाला. “त्याला मारला, हमालाला मारला.”

तेवढ्यात खालून शटर वाजलं.

टायरवाला आला होता. सोबत वीस-पंचवीस जण. दादाचा आवाज ऐकू आला, “अरे थांबा, थांबा, काय पाहिजे ते मला सांगा.” मग शटर धाडकन वर गेलं, परत खाली आलं, आणि दादा किंचाळला. त्याचा उजवा हात त्यांनी शटरखाली धरला होता. ज्या बोटांनी तो केसासारख्या तारा जोडायचा ती बोटं. शटर परत वर, परत खाली.

वहिनीच्या गळ्यावर ड्रायव्हरच्या बोटांचे लाल वळ उठले होते. तिने त्याचा दंड धरला, त्याला उठवलं आणि मागच्या खोलीत ढकललं.

“वहिनी, तो तुला मारत होता!” मी कुजबुजले.

“माझ्या तोंडून दोन गेले,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “तिसरा जाऊ देणार नाही. दार लाव.”

मी लावलं. पुढच्या दाराने टायरवाला आत आला. त्याच्या शर्टावर भावाचं रक्त वाळलं होतं, त्यावर ताजं दुसऱ्यांचं. हातात टायर उचकटायची लोखंडी पट्टी. मागे एकजण रॉकेलचा डबा घेऊन. आणखी एकाच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेला ट्रान्झिस्टर, त्यातून आमचंच गाणं चाललेलं. दादाला त्यांनी ओढत वर आणून दारात टाकला.

“ताई,” टायरवाला म्हणाला. आवाज अगदी खाली, आदबीचा. “खाट रिकामी होती.”

वहिनीने गळ्यावरचे वळ पदराने झाकले.

“तुम्ही सांगितलंत म्हणजे तो तिथे होता. आता नाही. म्हणजे कुठेतरी आहे. तुम्हाला निरोप आलाच असेल. कुठे आहे?”

“निरोप आला की सांगीन.”

त्याने मान हलवली. त्या माणसाने रॉकेल ओतायला सुरुवात केली. गाद्यांवर, बटणांच्या टेबलावर, थोडं दादाच्या अंगावर. वास नाकात भरला. मागच्या खोलीच्या दाराखालून धार आत जायला लागली आणि मी तिच्यावर पाय ठेवून उभी राहिले. मला दुसरं काही करता येत नव्हतं.

“आलाय निरोप,” वहिनी म्हणाली. “बर्फाच्या कारखान्यात आहे तो.”

बर्फाचा कारखाना खालच्या बाजाराच्याही पलीकडे, बंद पडून जमाना झालेला. तिथे कुत्रंही फिरकत नसे. मी मनातल्या मनात वहिनीची पाठ थोपटली.

टायरवाल्याने पट्टीने माइक दाखवला. “असं तोंडी नको, ताई. तोंडाने सगळेच खोटं बोलतात. रेडिओवर सांगा. रेडिओवर तुम्ही खोटं बोलणार नाही.”

वहिनी माइकसमोर बसली. मला खूण केली. मी गाणं काढलं, बटण दाबलं, लाल दिवा लागला. तिने घसा खाकरला आणि रोजच्याच आवाजात, गळा दुखत असणार तरी रोजच्याच आवाजात सांगितलं, की बसचे ड्रायव्हर दवाखान्यातून निघाले असून सध्या बर्फाच्या कारखान्यात आहेत. ते शब्द त्या माणसाच्या गळ्यातल्या ट्रान्झिस्टरमधूनही आले. टायरवाल्याने ते ऐकले आणि समाधान झाल्यासारखा वळला. जाताना दादाला ओलांडून गेला, तुडवून नाही. मग वरच्या बाजारातून आणखी लोक धावत उतरले. त्यांनीही ऐकलं होतं. केंद्राच्या सगळ्या आयुष्यात वहिनी एकदाच खोटं बोलली, आणि सगळं गाव त्या खोट्याच्या मागे धावलं.

मी दादाला भिंतीला टेकवला. हात बघवत नव्हता. मागच्या खोलीचं दार उघडलं तर ड्रायव्हर आतल्या स्पीकरपाशी उभा होता. आता हा पाया पडेल असं मला वाटलं. त्याचा चेहरा मेल्यासारखा झाला होता.

“कारखान्याकडे कुठून जातात, माहितीये तुम्हाला?”

“ती जागा रिकामी आहे,” वहिनी म्हणाली.

“जागा रिकामी आहे. वाट नाही. पाण्याच्या टाकीवरून उतरलं की आमची गल्ली, गल्ली संपली की कारखाना. दुसरा रस्ताच नाही. घरात बायको आहे, पोरी आहेत माझ्या.”

वहिनीला गावातल्या प्रत्येकाचं नाव माहीत होतं, कोण कुठल्या खाटेवर तेही माहीत होतं. ती गल्ली तिने कधी पाहिली नव्हती. दुपारी घरोघरी बोलणारी बाई, तिला घरोघरी जायला वेळ कुठला? ती गच्चीवर धावली, मागे मी. टाकीच्या खालून धूर निघत होता. गल्लीच्या तोंडाचं पहिलं घर पेटलं होतं. लोक एकेक दार फोडत पुढे चालले होते, आणि घरांतून बायकांचे आवाज इथपर्यंत येत होते.

आम्ही खाली आलो तर ड्रायव्हर माइकसमोर बसला होता.

“ऊठ,” वहिनी म्हणाली. “मी सांगते. तो तिथे नाही, दुसरीकडे गेला म्हणून सांगते.”

“दुसरीकडे कुठे? कुठेही पाठवलंत तरी कुणाच्या तरी दारावरूनच जातील ना?”

“मग पोलिसांना—”

“दार फोडतायत हो ते!” तो ओरडला. मग माझ्याकडे वळला. “तुम्ही चालू करा हे.”

“हात लावू नकोस,” वहिनी मला म्हणाली. ती माइक आणि काच यांच्या मधे उभी राहिली. “हा मरेल. तुला कळतंय ना? बटण दाबलंस की हा मेला.”

मला कळत होतं. मला त्या माणसाचा राग होता, वहिनीचा राग होता, सगळ्या गावाचा होता. मी बटण दाबलं. आजही तसं झालं तर दाबेन, आणि ज्याला काही बोलायचं असेल त्याने आधी त्या गल्लीत दाराआड उभं राहून यावं.

लाल दिवा लागल्यावर ड्रायव्हरला बोलता येईना. सवय नसलेली सगळी माणसं करतात तसं तो आधी “हॅलो” म्हणाला. मग म्हणाला, “मी ड्रायव्हर बोलतोय. मी कारखान्यात नाही. मी रेडिओवर आहे, उतारावर. बस मीच चालवत होतो. काचेवर दगड आला, मला दिसलं नाही. पण चालवत मीच होतो. ज्याला यायचंय त्याने इथे या. त्या गल्लीत माझं कुणी राहत नाही.” “कुणीच राहत नाही,” असं परत एकदा म्हणाला आणि उठला.

त्याला दवाखान्याच्या सदऱ्यात बाहेर जायचं नव्हतं. मी खुंटीवरचा दादाचा शर्ट दिला. प्लास्टर बाहीतून जाईना तेव्हा मी बाही उसवून दिली. गुंड्या मीच लावल्या, त्याला एका हाताने जमत नव्हतं. तो जिन्याकडे निघाला.

“इथेच थांब, दार लावून घेऊ,” वहिनी म्हणाली.

“इथे रॉकेल ओतलंय,” तो म्हणाला. “तुम्ही तिघं आहात.” आणि खाली जाऊन दुकानाच्या पायरीवर बसला.

ते आले. ट्रान्झिस्टरवाला पुढे, टायरवाला त्याच्या मागे. ड्रायव्हर उभा राहिला. काही बोलायला त्याने तोंड उघडलं तेव्हाच पहिला फटका तोंडावर बसला. मी खिडकीतून बघत होते आणि मला नजर काढता येत नव्हती. तो खाली पडल्यावर त्यांना वाकायला त्रास व्हायला लागला, म्हणून दोघांनी त्याला काखेत धरून उभा केला. प्लास्टर फुटून पांढरे तुकडे उडाले. कुणीतरी हसलं.

माझ्या पाठीमागे वहिनीचा आवाज आला. लाल दिवा मी बंद केलाच नव्हता. ती माइक वायरसकट ओढून खिडकीशी घेऊन आली होती.

“कोण कुठे,” ती म्हणाली. “टायरवाले दुकानाच्या पायरीवर आहेत, हातात लोखंडी पट्टी. सलूनवाल्यांचा थोरला मुलगा डाव्या बाजूला, त्याने ड्रायव्हरचे पाय धरलेत. पिठाच्या गिरणीवाल्यांचे जावई, चेक्सचा शर्ट, विटेने डोक्यावर मारतायत. आत्ता मारली. परत मारली. शिंप्यांचा धाकटा, त्याच्यामागे. घरच्यांनी ऐकावं.”

ती प्रत्येकाला ओळखत होती. कुणाचा जन्म तिने रेडिओवर सांगितला होता, कुणाची हरवलेली सायकल. ते सगळं त्या ट्रान्झिस्टरमधून त्यांच्याच कानाशी ऐकू येत होतं, आणि वरच्या बाजारातल्या घराघरांतूनही. गिरणीवाल्याच्या जावयाने वीट टाकली आणि चालायला लागला. शिंप्याचा धाकटा पळाला. सलूनवाल्याच्या थोरल्याने पाय सोडले तशी त्याची आईच उतारावरून धावत येताना दिसली, डोक्यावरचा पदर पडलेला, स्वतःच्या पोराला तोंडाने अर्वाच्य शिव्या देत. उरला फक्त टायरवाला. त्याने आणखी दोन फटके मारले. तोवर मारायला काही उरलं नव्हतं.

मग तो वर आला. मी मधे गेले, त्याने मला बाजूला फेकलं. बरगडी मोडल्याचं मला नंतर कळलं. वहिनी बोलतच होती. “टायरवाले जिन्यावर आहेत. टायरवाले दारात आहेत.”

“ताई, गप्प बसा,” तो म्हणाला. तो रडत होता. “गप्प बसा, ताई.”

“टायरवाले माझ्यासमोर आहेत,” वहिनी म्हणाली, आणि त्याने पट्टी तिच्या तोंडावर मारली.

आमच्या केंद्रावरून गेलेला तो शेवटचा आवाज. त्यानंतर पोलीस आले, सील लागलं, दादाची बोटं कापावी लागली. टायरवाल्याला जन्मठेप झाली, आणि साक्ष म्हणून सगळं गाव उभं राहिलं, कारण सगळ्या गावाने ऐकलं होतं. सील पुढे निघालं, पण परत कुणी ते दार उघडलं नाही. इतिहास लिहिणारे इथपर्यंत आले की मान डोलावतात आणि वहिनीला शूर म्हणतात. त्यांना चहा देऊन मी वाटेला लावते. पुढचं त्यांना सांगत नाही.

वहिनी दवाखान्यात होती, वॉर्ड दोनमधेच. जबडा तारेने बांधलेला, नळीतून पातळ घालायचं. मी तिच्या उशाशी बसलेली असताना एक बाई आली. कोरं कपाळ, दोन पोरी हाताशी. कोण ते सांगायला लागलं नाही. शिव्या देईल, द्याव्यातच, असं वाटलं. ती खाटेच्या कडेवर बसली आणि पोरींना म्हणाली, “जा, व्हरांड्यात थांबा.” पोरी गेल्यावर ती वहिनीशी बोलायला लागली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

“आमच्या दारावर आले होते ते,” ती म्हणाली. “कुऱ्हाडीने फोडत होते. वरची फळी निघालीच होती. मी पोरींना पलंगाखाली घातलं. आमचा रेडिओ चालू होता. तुमचं ऐकायला लावलेला, तो तसाच राहिलेला. त्यातून हे बोलायला लागले. बाहेर इतका आरडाओरडा, कुणाला काही ऐकू जाईना. ट्रान्झिस्टरवाला पार पुढे गेला होता.”

वहिनीने तिचा हात धरला. बाईने तो धरू दिला.

“मी आवाज मोठा केला, वहिनी,” ती म्हणाली. “बटण फिरेल तितकं फिरवलं आणि रेडिओ खिडकीत ठेवला. ते थांबले. त्यांनी ऐकलं आणि वळले. मला माहीत होतं कुठे चाललेत ते. मला माहीत होतं.”

वहिनीच्या घशातून काहीतरी आलं, पण तार होती, शब्द होईना. बाई वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिली, ती काय सांगते ते ऐकायला.